बिनमुकादमाचे उंदीर

"ताई, याचं पोट भरलेलं आहे."

तस्नीमताईंनी मान वर केली नाही. त्यांच्या डाव्या हातातल्या चिमट्यात उंदराचं यकृत होतं, उजव्या हातात कात्री. "कोणाचं?"

"याचं. उपाशी गटातलाय हा."

"उंदीर स्वतःच्या लेंड्या खातो, रेवती. एम.एस्सी.ला शिकवलं नाही का? बर्फ सरकव इकडे."

मी बर्फाचा डबा सरकवला. यकृताचा तुकडा नळीत, नळी द्रवरूप नायट्रोजनमध्ये, मग पुढचा उंदीर. जठर, आतडी आणि बाकीचं सगळं पिवळ्या पिशवीत जायचं. आमचा अभ्यास यकृताचा होता, जठराकडे बघायचं कोणाला काही कारण नव्हतं. पिशवी बांधताना मी ते एक जठर मात्र बाजूला काढलं आणि झाकणाच्या काचेच्या बशीत ठेवलं.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पुण्याबाहेरच्या एका संशोधन संस्थेत मी तात्पुरती प्रकल्प सहायक होते. एम.एस्सी. होऊन वर्ष झालं नव्हतं. नळ्यांवर नावं घालणं, द्रावणं करणं आणि तस्नीम मुजावर यांच्या हाताखाली मिळेल ते शिकणं, हे माझं काम. तस्नीमताई मिरजेच्या. पीएच.डी.च्या शेवटच्या टप्प्यात होत्या आणि प्रयोगशाळेत त्यांच्याइतका साफ हात कोणाचाच नव्हता.

त्यांचं काम समजायला अवघड नाही. जेवण चुकलं की काही तासांनी रक्तातली साखर उतरायला लागते. मग यकृत स्वतः साखर बनवतं. त्यासाठी लागणारी जनुकं एरवी बंद असतात, उपासात ती चालू करावी लागतात. चालू करण्याचं हे काम ज्याच्याकडे आहे असं वाटत होतं, अशा एका जनुकावर आमची प्रयोगशाळा उभी होती. त्याचं खरं नाव अक्षरं-आकड्यांचं, लांबलचक. आम्ही त्याला मुकादम म्हणायचो, कारण तो स्वतः काही बनवत नाही, दुसऱ्यांना कामाला लावतो. हे जनुक काढून टाकलेले उंदीर ते बिनमुकादमाचे. उरलेले साधे.

रात्रभर उपाशी ठेवलं की साध्या उंदरांचं यकृत कामाला लागायचं, बिनमुकादमाच्यांचं ढिम्म. म्हणजे यकृताला उपासाची वर्दी देतो तो मुकादमच. तस्नीमताईंची पाच वर्षं या एका वाक्यात होती. याच वाक्याच्या जोरावर जर्मनीतल्या एका नावाजलेल्या प्रयोगशाळेने त्यांच्यासाठी ऑक्टोबरपासून जागा धरून ठेवली होती. प्रबंध देण्याआधी परीक्षकांसमोर एक व्याख्यान द्यावं लागतं, ते महिनाअखेरीला होतं.

महिना रमजानचा होता. "उपाशी राहिल्यावर काय होतं ते मला विचारा की," तस्नीमताई म्हणायच्या, "त्यासाठी यकृत कशाला काढायला पाहिजे?"

दुपारी मी ते जठर भिंगाखाली उघडलं. लेंड्या काळपट असतात, चिकट असतात. आतला ऐवज फिका पिवळा होता, कोरडा, टोकदार कणांचा. हे कण मी रोज बघत होते, पण कुठे ते आठवायला थोडा वेळ लागला. मग मी प्राणिगृहात जाऊन पिंजऱ्याच्या तळाशी पसरलेला चिमूटभर भरडा आणला आणि शेजारी ठेवला.

तेच होतं.

उंदरांच्या पिंजऱ्यात तळाला काहीतरी पसरावं लागतं. आमच्याकडे पूर्वी भाताचं तूस असायचं. त्याची धूळ फार, म्हणून काही वर्षांपूर्वी मक्याचा भरडा आला. दाणे काढून झाल्यावर कणसाचा जो गाभा उरतो, त्याचा तो भरडा. उपासाच्या रात्री अन्नाचा एखादा कणही पिंजऱ्यात राहू नये म्हणून आम्ही उंदरांना मुद्दाम नव्या पिंजऱ्यात हलवायचो, आणि त्यात ताजा, कोरडा भरडा चांगला जाड थर होईल असा घालायचो.

एका जठरावरून काही सिद्ध होत नाही. पुढच्या खेपेला मी विचारलं, "ताई, या वेळी जठरं ठेवू का सगळी?"

"ठेव की. लोणचं घाल."

मी ती ठेवली, वजन केली, उघडली. साध्या उंदरांची जठरं रिकामी निघाली, वाळल्या चिंचेच्या टरफलासारखी चपटी. बिनमुकादमाच्यांची टम्म फुगलेली. एकही अपवाद नव्हता.

तस्नीमताई प्राणिगृहाबाहेरच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. मी चहाचा कप हातात घेतला होता, त्यांना बघून तो तसाच भिंतीआड ठेवायला निघाले.

"पी गं. तुझ्या चहाने माझा रोजा तुटत नाही."

मी कप खाली ठेवला आणि बशा त्यांच्यापुढे मांडल्या. एका बाजूला जठरातलं, दुसऱ्या बाजूला पिंजऱ्यातलं. वजनं सांगितली. त्यांनी बशी उचलून उजेडात धरली, बोटाने कण वेगळे केले, एक कण नखावर घेतला.

"सगळ्यांत?"

"बिनमुकादमाच्या सगळ्यांत. साध्यांत नाही."

"एकादशी अन् दुप्पट खाशी," त्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. "पाच वर्षं मी यांचे रोजे मोजायले, आणि हे चोरून खायलेत."

पोटात काहीतरी पडत असेल, तर यकृताने उपासाची तयारी कशाला करायची? ते ढिम्म बसलं ते मुकादम नाही म्हणून, की पोट भरलेलं होतं म्हणून? हे मी बोलले नाही. त्यांना बोलून दाखवायची गरज नव्हती.

"सर कधी येणार आहेत?"

आमचे गाईड डॉ. ओझरकर एका परिषदेसाठी परदेशी होते. "पुढच्या सोमवारी," मी म्हटलं.

"तोवर कोणाजवळ बोलू नकोस."

"पण ताई..."

"बोलू नकोस म्हटलं ना."

त्या उठून गेल्या. चहा गार झाला होता. त्या हे दाबणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं हे मला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाडीची किल्ली फिरवत माझ्या टेबलाशी आल्या. "चल. बोहरी आळीत जायचंय."

"काय आणायला?"

"चाळण्या."

बोहरी आळीतल्या त्या दुकानात छतापासून जमिनीपर्यंत पत्र्याची भांडी टांगलेली होती. दुकानदार काका गादीवर पेपर वाचत होते.

"बोला ताई. काय चाळायचंय?"

"उंदीर," तस्नीमताई म्हणाल्या.

काकांनी पेपर खाली घेतला. "पिंजरा न्या ना मग. लाकडी आहे, तारेचा आहे. बिस्किट लावलं की सकाळी आत."

"उंदीर आहेत हो भरपूर. पकडायचे नाहीत, उभे करायचेत. जाळी द्या, स्टीलची. गंजायला नको, पायाला टोचायला नको."

"भोक केवढं?"

त्यांनी एक क्षण विचार केला. "तूरडाळ खाली पडली पाहिजे, काबुली चणा नाही."

"असं सांगा की," काका म्हणाले आणि आत जाऊन बरोबर तशीच जाळी घेऊन आले. पिंजऱ्याच्या मापाने ती कापून दिली, कडा वळवून दिल्या, आणि निघताना मला हळूच विचारलं, "नक्की काय करता तुम्ही?"

"उपास करवतो," मी म्हटलं.

"उंदरांकडून?" काका म्हणाले. "आमच्या घरी माणसं करत नाहीत."

प्राणिगृहाच्या पशुवैद्यांनी परवानगी दिली. अट अशी की एकच रात्र, आणि बसायला एका कोपऱ्यात सपाट फळी. उंदीर जाळीवर, खाली पडेल ते तबकात, खायला काही नाही. सकाळी आम्ही दोघींनी यकृतं घेतली आणि जठरंही उघडली. सगळी रिकामी होती, साध्यांची आणि बिनमुकादमाच्यांचीही.

पुढचं काम नेहमीचं होतं. यकृतातून आरएनए काढायचा आणि साखर बनवणारी जनुकं किती जोरात चालू आहेत ते पीसीआरच्या यंत्रावर मोजायचं. पडद्यावर एकेका नमुन्याची रेषा सरपटत जाते आणि एका ठिकाणी वर उठते. जितकी लवकर उठेल तितकं जनुक जोरात. गेली पाच वर्षं साध्यांच्या रेषा आधी उठत होत्या आणि बिनमुकादमाच्यांच्या बऱ्याच मागून. मधल्या त्या रिकाम्या जागेचा आलेख तस्नीमताईंच्या टेबलासमोर भिंतीवर लावलेला होता.

त्या दिवशी दुपारी सगळ्या रेषा एका ठिकाणी उठल्या. रंग वेगळे नसते तर कुठली कोणाची ते ओळखता आलं नसतं.

"पुन्हा करू या?" मी विचारलं.

"कशाला? तुलनेचे नमुने बरोबर आहेत, प्रत्येकाच्या तिन्ही नळ्या जुळतात." त्यांनी फाइल साठवली, यंत्र बंद केलं, हातमोजे काढले. "झालं. यकृताला मुकादम लागत नाही. मी निघते, आज इफ्तारला मावशीकडे जायचंय."

त्या दारापर्यंत गेल्या. मला त्यांची समजूत काढायची होती. पण डोक्यात जे घोळत होतं तेच बाहेर पडलं.

"ताई, साधे उंदीरपण त्याच भरड्यावर होते ना. तेही रात्रभर उपाशी. त्यांनी का नाही खाल्ला?"

त्या वळल्या. "काय म्हणालीस?"

"म्हणजे, भूक दोघांनाही लागली असणार. भरडा दोघांपुढेही होता. मग बिनमुकादमाच्यांनीच का..."

"हं," एवढंच त्या म्हणाल्या आणि गेल्या.

सोमवारी सर आले. तस्नीमताईंनी मला सोबत नेलं. डॉ. ओझरकर मृदू माणूस. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. त्यांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून नीट पाहिले, जठरांचे फोटो पाहिले, चष्मा काढून पुसला.

"चांगलं पकडलंत," ते म्हणाले. "वाईट वेळी पकडलंत, पण चांगलं पकडलंत."

"सर, व्याख्यान पुढे ढकलावं लागेल."

"का?"

तस्नीमताई गोंधळल्या. "का म्हणजे?"

"हे बघ तस्नीम, तू जे मोजलंस ते खरंच मोजलंस. आकडे खोटे नाहीत. प्रबंधात 'आमच्या प्रयोगाच्या परिस्थितीत' असा एक शब्दप्रयोग घाल. पिंजऱ्यात काय अंथरलं होतं ते पद्धतीच्या प्रकरणात आहेच. प्रबंध देऊन टाक, ऑक्टोबरात जर्मनीला जा. दुरुस्तीचा पेपर आपण पुढच्या वर्षी सावकाश काढू. असं सगळीकडे होतं."

"सर, परिस्थिती म्हणजे ते जेवत होते."

"ते मला कळतंय."

"मग 'उपाशी' कसं लिहू?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"आणि गिरीश?" तस्नीमताई म्हणाल्या. गिरीश हा त्यांच्या आधीचा विद्यार्थी. हा प्रयोग त्याने तुसाच्या दिवसांत केला होता आणि त्याला दोन्ही उंदरांत फरक दिसला नव्हता. तो पीएच.डी. सोडून गेला, त्याला मी कधी पाहिलं नाही. "त्याचा हात साफ नाही असं आपण म्हटलं. मीसुद्धा म्हटलं. तो बरोबर होता सर."

"जर्मनीवाले थांबणार नाहीत," सर शेवटी म्हणाले. "त्यांनी तुला याच निष्कर्षावर घेतलंय."

"माहितीये. व्याख्यान ढकलत नाही मग. ठरल्या दिवशीच देते. पण खरं आहे ते देते."

सरांनी मान हलवली. ती होकाराची होती की हार मानल्याची, मला कळलं नाही. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "साध्या उंदरांनी का नाही खाल्लं, हा प्रश्न मात्र फार सुंदर आहे. मुकादम यकृतात नाही, भुकेत असेल कदाचित. जुलैत एक फेलोशिपवाला मुलगा येतोय, त्याला हाच विषय देऊ. तुझी मुदत कधी संपते?"

"जूनअखेर, सर."

"तोवर ही जठरं नीट मोजून ठेव. छान काम केलंस हं."

मी "हो सर" म्हटलं. तस्नीमताई आलेख गोळा करत होत्या. घरून बाबांचे फोन चालूच होते. संगमनेरच्या एका ओळखीच्यांनी औषधाच्या कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकला होता. त्या रात्री मी बाबांना सांगितलं की जुलैपासून तिथे रुजू होईन.

व्याख्यानाला हॉल भरलेला होता. बातमी फुटली होती. तस्नीमताई फिक्या निळ्या ड्रेसमध्ये, हातात कागद न घेता उभ्या राहिल्या. पहिल्या अर्ध्या भागात त्यांनी स्वतःचं पाच वर्षांचं काम मांडलं, एवढं नेटकं की माझा विश्वास बसला. मग म्हणाल्या, "आता हे का चुकीचं आहे ते सांगते." आणि जठराचा फोटो लावला.

कोणीतरी मागे हसलं. मग हसू थांबलं.

त्यांनी गिरीशचं नाव घेऊन त्याचे जुने आकडे दाखवले. शेवटचा आलेख दाखवला आणि थांबल्या. परीक्षकांत बाहेरच्या विद्यापीठातल्या एक वयस्क बाई होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "म्हणजे यकृताला तुमच्या मुकादमाची गरज नाही. मग तो करतो तरी काय?"

"मला माहीत नाही, मॅडम. हा प्रश्न माझा नाही." तस्नीमताईंनी हात मागच्या रांगेकडे केला. "उपाशी उंदराचं जठर उघडून बघितलं ते रेवती कुलथे यांनी. साधे उंदीर तोच भरडा का खात नाहीत, हेही त्यांनीच विचारलं. पुढचं काम त्याच करणार आहेत. त्या मागे बसल्यात. त्यांनाच विचारा."

सगळा हॉल वळला. मला एकदम कळलं, किंवा कळलं असं वाटलं. यांची पाच वर्षं मी मोडली. आता सगळ्यांसमोर, तयारी नसताना, मला उभं करून त्या हिशेब चुकता करत होत्या. तरी उठणं भाग होतं.

"बोला," परीक्षक बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

"अजून माहीत नाही, मॅडम." "पण शोधता येईल. आत्ताच्या उंदरांत मुकादम सगळ्या शरीरातून काढलेला आहे. तो फक्त यकृतातून काढलेले उंदीर घ्यायचे आणि फक्त मेंदूतून काढलेले घ्यायचे. दोघांना एक रात्र उपाशी ठेवायचं, जाळीवर नाही, भरड्यावरच. कोण खातं ते बघायचं."

"आणि दोघांनीही नाही खाल्लं तर?"

"तर आतड्यातून काढलेले घ्यायचे."

बाई हसल्या आणि पहिल्या रांगेकडे वळल्या. "डॉ. ओझरकर, हे कधी सुरू होतंय?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग तस्नीमताईंकडे. तस्नीमताई प्रोजेक्टरच्या वायरी गुंडाळत होत्या.

"जुलैत," सर म्हणाले. "हिची पीएच.डी.ची नोंदणी झाली की."

मी खाली बसले. मुकादम मेंदूत बसतो आणि भुकेलेल्या प्राण्याला काय खायचं नाही ते सांगतो, हे दाखवायला मला पुढे सहा वर्षं लागली. त्या दिवशी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी फक्त चिडले होते. लोक पांगल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"आधी सांगायचं तरी, ताई. सगळ्यांसमोर असं उभं करायचं?"

"सांगितलं असतं तर पाठ करून आली असतीस."

"पण का?"

"अगं, सरांच्या खोलीत तुझ्यासाठी बोलले असते तर सर 'बघू' म्हणाले असते. वाईट माणूस नाही तो, पण 'बघू' म्हणतो." त्यांनी लॅपटॉपची पिशवी माझ्या हातात दिली. "आता एवढ्या लोकांसमोर कसं म्हणेल 'बघू'?"

मी विचारलं, "आणि तुमचं?"

"माझं काय? प्रबंध नव्याने लिहायचाय. आठ-दहा महिने जातील. मग सांगली-मिरजेकडे एखादं कॉलेज बघू." पुढे तसंच झालं. "पण आधी एक काम आहे. तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे ना? जर्मनीला कळवायचंय, येत नाही म्हणून. नीट कसं लिहायचं सांग."

आम्ही रिकाम्या हॉलच्या शेवटच्या रांगेत बसलो. मी सांगत गेले, त्या टाइप करत गेल्या. लहानसं पत्र झालं. काय मोजलं, काय चुकलं, म्हणून जागा दुसऱ्या कोणाला द्यावी. शेवटच्या वाक्याच्या सुरुवातीला मी 'दुर्दैवाने' घातलं होतं. तस्नीमताईंनी पत्र एकदा वाचलं, तो एक शब्द खोडला, आणि पाठवून दिलं.